खालची पापणी

१

दुपारी दोन ते चार पार्लर रिकामं असायचं. सकाळच्या बायका घरी गेलेल्या, संध्याकाळच्या अजून कामावर. त्या दोन तासांत धाकटी टॉवेल धुऊन वाळत टाकायची, वाट्या-ब्रश गरम पाण्यातून काढायची; आणि थोरली रिकाम्या खुर्चीत पाय वर घेऊन काचेतून रस्ता बघत बसायची. दोघी जावा. बारा वर्षांपूर्वी घराची पुढची खोली मोकळी करून त्यांनी हे पार्लर थाटलं, तेव्हा दोघींच्या नवऱ्यांनी "चार महिने चाललं तरी खूप झालं" म्हणून हसून घेतलं होतं. थोरलीकडे भुवया आणि केस, धाकटीकडे चेहरे. थोरलीचा दोरा आणि जीभ सारखीच तेज. धाकटी कमी बोलायची.

त्या मंगळवारी अडीचच्या सुमाराला समोरच्या चष्म्याच्या दुकानातली बाई रस्ता ओलांडून आली. त्या दोघी तिला आपसांत चष्मेवाली म्हणायच्या. वय चाळीसच्या आसपास, नीटनेटकी, काउंटरमागे उभी राहून दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवणारी. दारातच थांबली आणि संकोचून म्हणाली, "डोळ्यांखालचं काही होईल का हो? आमच्या दुकानात चारी भिंतींना आरसे आहेत. कुठे तोंड लपवू?"

"बसा की," थोरलीने पाय खाली घेत निदानही करून टाकलं. "मोबाइल. अंथरुणात पडून मोबाइल बघत असणार."

"नाही हो. साडेनऊला झोपते, साडेसहाला उठते."

"मग काळजी."

"आता कसली काळजी?"

त्या 'आता'वर धाकटीने मान वर केली, पण विचारलं नाही. तिने बाईंना आडवं केलं, केसांना पट्टी बांधली आणि नेहमीचे प्रश्न विचारले. डोळे चोळायची सवय? नाही. सर्दी, शिंका, धुळीचा त्रास? नाही. घरात कुणाला? कुणालाच नाही. रक्त तपासलं? दोनदा. लोह ठीक, थायरॉइड ठीक. डॉक्टर म्हणाले, वयानुसार कातडी पातळ होते, खालच्या शिरा दिसायला लागतात, पाणी भरपूर प्या.

"कधीपासून आहेत?"

"आठ महिने झाले."

धाकटीने भिंगाचा दिवा ओढून चेहऱ्यावर आणला. बारा वर्षांत तिने हजार तरी काळी वर्तुळं पाहिली असतील. ती हाडाच्या खोलगट भागाबरोबर जातात, कडेला विरत जातात, बोट फिरवलं की रक्त सरकून जराशी फिकी पडतात. हे तसं नव्हतं. हे दोन लांबट डाग होते, जरा तिरपे, आणि त्यांना कडा होती.

तिने अनामिकेने बदामाचं तेल हलक्या हाताने जिरवलं, गार पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. वीस मिनिटांनी घड्या उचलल्या तेव्हा डाग होते तसेच होते. उलट ओल्या कातडीवर त्यांची कडा अधिकच ठळक दिसत होती.

"एका दिवसात थोडंच जाणार आहे?" चष्मेवालीनेच तिची समजूत घातली.

२

पुढचे तीन मंगळवार ती नेमाने आली. धाकटीने सांगितलेलं सगळं ती घरी करत होती. काकडीच्या चकत्या, बटाट्याचा रस, चहाच्या गार पुड्या, फ्रीजमधले चमचे. उशाखाली दुसरी उशी, जेवणात मीठ कमी, उन्हात गॉगल. थोरली म्हणाली, "एवढं कुणी माझ्या भिंतीला केलं असतं तर तिचीही ओल गेली असती." चष्मेवाली खळखळून हसली. आता ती आली की थोरली तिच्यासाठीही चहा टाकायची.

डाग मात्र गडद होत चालले होते.

चौथ्या मंगळवारी धाकटीने भिंग आणखी खाली ओढलं. डागाच्या आत बारीक रेघा होत्या. पहिल्यांदा तिला त्या सुरकुत्या वाटल्या. या वयात डोळ्यांखाली जाळी पडतेच. पण सुरकुत्या आडव्या जातात. या रेघा कमानीसारख्या वळत होत्या, एका कमानीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी.

ती हात पुसायला बेसिनपाशी गेली आणि उगाचच स्वतःचा अंगठा उजेडात धरून बघत राहिली.

"काय गं, काटा रुतला?" थोरलीने विचारलं.

"नाही."

परत येऊन ती चष्मेवालीला म्हणाली, "तुमचे अंगठे जरा डोळ्यांखाली टेकवा बरं. हलकेच."

चष्मेवालीने टेकवले. धाकटीला वाटलं होतं, माणूस झोपेत कसेही हात ठेवतो. काहींना पालथं, तोंड ओंजळीत घेऊन झोपायची सवय असते. पण चष्मेवालीचे अंगठे बारीक होते, डाग चांगले रुंद. आणि स्वतःचे अंगठे तिने टेकवले तेव्हा त्यांची टोकं कपाळाकडे वळली. डागांची टोकं नाकाकडे होती, बुडं कानांकडे. तसं व्हायला अंगठेवाला माणूस समोर हवा, आणि त्याने तोंड दोन्ही तळव्यांत धरायला हवं.

"काही कळलं?" चष्मेवालीने डोळे मिटूनच विचारलं.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मीच. आणखी कोण असणार?"

धाकटीने कापसाच्या घड्या ठेवल्या. त्या दिवशी तिच्या हातून तेलाची बाटली लवंडली आणि थोरलीने तिला फरशी पुसेपर्यंत ऐकवलं.

३

धाकटी सहज घाबरणारी नव्हती. गिऱ्हाइकांनी आणलेल्या प्रत्येक क्रीमच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ती डबी उघडायची नाही. तिचा नवरा तिला त्यावरून वकीलसाहेब म्हणायचा. तिने स्वतःशी सगळे खुलासे करून पाहिले. भिंग जुनं आहे, त्याच्या काचेवर आपल्याच बोटांचे ठसे असतील. म्हणून तिने भिंग स्पिरिटने पुसून काढलं. दिव्याची सावली पडत असेल. म्हणून तिने दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात बघितलं. रेघा होत्या.

पुढच्या खेपेला चहा घेताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आठ महिन्यांपूर्वी काय झालं होतं हो?"

चष्मेवालीने कप खाली ठेवला. "आई गेली."

मग ती बोलायला लागली. आई नर्स होती, बाळंतपणाच्या वॉर्डात, चौतीस वर्षं. निवृत्त झाली आणि चारच वर्षांत तिची आठवण जायला लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग माणसं. शेवटची सहा वर्षं चष्मेवालीने तिचं सगळं केलं. दिवसा शेजारच्या काकू बसायच्या, रात्री ही. आई रात्रीत चार-चार वेळा उठायची, दार उघडून ड्यूटीवर निघायची.

"सहा वर्षं मी दोन तास सलग झोपले नाही," चष्मेवाली म्हणाली. "तेव्हा डोळ्यांखाली एक डाग नव्हता. लोक म्हणायचे, तुझा चेहरा बघून कुणाला खरं वाटणार नाही. आणि आता नऊ तास झोपते तर हे."

"अंगात मुरलेला शीण बाहेर पडतोय," थोरली म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"एक गंमत सांगू? आई सगळं विसरली, पण हात विसरले नाहीत. घरात कुणी आलं की जवळ बोलवायची, तोंड असं धरायची, आणि..." चष्मेवालीने हात पुढे केले आणि थोरलीचं तोंड दोन्ही तळव्यांत घेतलं. अंगठे डोळ्यांखाली टेकवून खालच्या पापण्या हलकेच खाली ओढल्या. "असं. आत लाल आहे की पांढरं ते बघायची. रक्त कमी आहे का. जन्मभर तेच केलेलं ना. दूधवाल्याचंसुद्धा बघितलं होतं तिने."

थोरली तशा ओढलेल्या डोळ्यांनीच हसली. "मग? आहे का रक्त?"

"भरपूर आहे," चष्मेवाली म्हणाली.

धाकटी हसली नाही. थोरलीच्या डोळ्यांखाली टेकलेल्या त्या अंगठ्यांची टोकं कुठे आहेत, ते ती बघत होती.

४

त्या दिवशी चष्मेवाली पलंगावर पडल्या पडल्या झोपली. मन मोकळं केल्यावर माणूस झोपतो तशी, तोंड जरा उघडं टाकून. थोरली कप विसळायला आत गेली. बाहेर ऊन रणरणत होतं. पंखा फिरत होता.

धाकटी नेहमीसारखी तिच्या डोक्याशी स्टुलावर बसली होती. चष्मेवालीचा चेहरा तिला उलटा दिसत होता: कपाळ जवळ, हनुवटी लांब. मधे भिंग. डोळ्यांवर कापसाच्या ओल्या घड्या.

डावी घडी सरकली.

धाकटीला वाटलं, ओली आहे, घसरली असेल. तिने ती परत ठेवायला बोट पुढे केलं, आणि तेवढ्यात उजवीही सरकली. दोन्ही गालांवरून ओघळून कानांशी पडल्या. मग डोळ्यांखालची कातडी दबली. भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसे दोन खळगे पडले, बरोबर त्या डागांवर. खळगे खाली सरकले आणि त्यांच्याबरोबर खालच्या पापण्या ओढल्या गेल्या. आतली गुलाबी कातडी दिसली, डोळ्याच्या पांढऱ्या भागाची कड दिसली. चष्मेवाली शांत घोरत होती.

धाकटीचं बोट हवेतच राहिलं. तिच्या मनात एकच विचार आला, आणि तो अगदी साधा होता. मी डोक्याशी बसले आहे. हे जे कोणी करतंय ते समोरून करतंय. म्हणजे ते या चेहऱ्यावर वाकलेलं आहे, आणि मीही या चेहऱ्यावर वाकलेले आहे. आमच्यात एका भिंगाचं अंतर आहे.

भिंगावर वाफ धरली. बशीएवढा धुरकट गोल उमटला, विरला, पुन्हा उमटला.

चष्मेवालीचाच श्वास, तिने स्वतःला बजावलं. नाकातून वर येतोय. तिने चष्मेवालीच्या छातीकडे पाहिलं. छाती वर होत होती, खाली जात होती, सावकाश, खोल. काचेवरची वाफ त्याच्या दुप्पट वेगाने येत-जात होती. धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचा श्वास असतो तशी.

"अगं, साखर संपली का?" आतून थोरली ओरडली.

खळगे भरून आले. पापण्या मिटल्या. चष्मेवालीने कूस बदलली आणि झोपेत काहीतरी पुटपुटली. धाकटीला दोनच शब्द कळले.

"कोणी नाही."

५

हे सांगावं की नाही यावर धाकटीने आठवडाभर विचार केला. थोरलीला आधी सांगितलं. थोरली तिची टर उडवेल असं तिला वाटलं होतं, पण ती हातातला दोरा खाली ठेवून म्हणाली, "तिला सांग. आपलं तोंड आहे, त्याला कोण हात लावतंय हे माणसाला कळायला हवं."

मंगळवारी धाकटीने चष्मेवालीला खुर्चीत बसवलं, पलंगावर नाही, आणि जे पाहिलं तेवढंच सांगितलं. स्वतःची काही भर घातली नाही. शेवटी म्हणाली, "झोपेत तुम्ही 'कोणी नाही' म्हणालात."

चष्मेवालीचे ओठ पांढरे पडले. थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आई रक्त बघायची ते सुरुवातीला," चष्मेवाली म्हणाली. "शेवटी शेवटी नाही. शेवटी ती माझं तोंड धरायची, पापण्या ओढायची, आणि आत बघून विचारायची, कोण गं तू? डोळ्यांत कुठे लिहिलेलं असेल तसं शोधायची. मी सांगायचे. दिवसातून वीस वेळा सांगायचे. लेक. तुझी लेक. ती म्हणायची, हो का? बरं झालं बाई. आणि अर्ध्या तासाने पुन्हा. शेवटच्या दिवशी सकाळी मला दुकानात जायला उशीर होत होता. तिने तोंड धरलं. कोण गं तू? मी म्हणाले, कोणी नाही. मी कोणी नाही, झोप आता. दुपारी काकूंचा फोन आला."

समोरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि शेल्फावरच्या बाटल्या किणकिणल्या.

"मग सांगा ना तिला," धाकटी म्हणाली. आपण काय बोलतोय याचं तिचं तिलाच नवल वाटलं. डबीवरची अक्षरं वाचणारी बाई ती. "झोपायच्या आधी सांगून बघा. तेलापाण्याने तर काही होत नाहीये."

चष्मेवाली दोनच दिवसांनी आली, मंगळवारची वाट न बघता. दारातूनच तिने तोंड पुढे केलं. डोळ्यांखाली लख्ख होतं. थोरलीने तिला मिठीच मारली. धाकटीने भिंग लावून पाहिलं: कातडी स्वच्छ, दोन बारीक निळ्या शिरा, चाळिशीतल्या कुणाच्याही असतात तशा.

पण पुढच्या मंगळवारी डाग परत आले होते.

"सांगितलं नाहीत का?" थोरलीने विचारलं.

"रोज सांगते," चष्मेवाली म्हणाली. "एक दिवस टिकतं. कधी तेवढंही नाही." ती थकून हसली. "ती विसरते हो. मला वाटलं होतं, गेल्यावर तरी सगळं आठवत असेल माणसाला. तसं नसावं. ती अजून तिथेच आहे, तसंच शोधतेय. उठते आणि पुन्हा विचारते."

धाकटीने विचारलं, "भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना. दिवा लावूनच पडते. पण 'तुझी लेक' म्हटलं की हात कसे मऊ पडतात ते मला आता झोपेतही कळतं." तिने कपाळावरची केसांची पट्टी सोडली आणि घडी घालून धाकटीच्या हातात दिली. "आता हे राहू द्या. तुम्ही खूप केलंत. चहाला येत जाईन."

६

ती चहाला यायची. डागांबद्दल कुणी बोलत नसे. थोरलीने तिच्यासाठी एक जाड काळ्या कडांची फ्रेम पसंत केली. डागांवर सावली पडते म्हणाली, आणि चष्मेवालीने स्वतःच्याच दुकानातून ती स्वतःला घेतली. चार-पाच महिने असेच गेले.

एका दुपारी धाकटीचं डोकं दुखत होतं. सकाळपासून सहा चेहरे झाले होते. थोरली आत जेवत होती. धाकटी पलंगावर आडवी झाली, एक टॉवेल गार पाण्यात पिळून तिने डोळ्यांवर घेतला आणि पंख्याचा आवाज ऐकत पडून राहिली. झोप लागली नव्हती. निदान तिला तरी तसंच वाटत होतं. आतून ताटलीवर चमचा वाजल्याचं तिला ऐकू येत होतं.

टॉवेल बाजूला झाला.

तिला वाटलं, थोरली असेल. मग दोन तळवे तिच्या गालांवर आले. कोरडे, गरम, कामाने खरखरीत झालेले. आत चमचा वाजतच होता.

अंगठे डोळ्यांखाली टेकले. तिने डोळे गच्च मिटून घेतले. पण ते मिटणं तिच्या हातात राहिलं नाही. खालच्या पापण्या हळूच, सराईतपणे खाली ओढल्या गेल्या आणि फटीतून उजेड आत आला. वर पंखा होता. पण पूर्ण पंखा दिसत नव्हता. पात्यांच्या मधे काहीतरी होतं, फार जवळ असल्यामुळे ओळखू न येणारं. तिने नजर स्थिर केली आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिला समोर दोन डोळे दिसले.

ते रागावलेले नव्हते. अनोळखी स्टेशनवर उतरलेल्या माणसाचे असतात तसे होते. ते तिच्या एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जात होते, पुन्हा पहिल्यात येत होते, काहीतरी वाचायला बघत होते. बोटं कापत होती.

धाकटीला किंचाळायचं होतं. पण त्या कापणाऱ्या बोटांखाली पडल्या पडल्या तिला चष्मेवालीची सहा वर्षं आठवली, आणि 'कोणी नाही' असं आता आपल्या तोंडून गेलं तर काय, या विचाराने ती अधिकच घाबरली.

"मी नाही हो, आई," ती जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली. "तुमची लेक समोर आहे. रस्त्यापलीकडे, चष्म्याच्या दुकानात. तिथेच आहे ती."

अंगठे हलले नाहीत. खरं की खोटं, ते जणू पारखून घेत होते. मग उजव्या अंगठ्याने तिच्या पापणीखाली एकदा हलकेच पुसलं, तपासून झाल्यावर नर्स पुसते तसं, आणि गालांवरची ऊब गेली.

धाकटी ताडकन उठून बसली. "ताई!" तिने थोरलीला हाक मारली, पण ती यायची वाट बघितली नाही. ती अनवाणीच काचेच्या दारापाशी गेली.

रस्त्यापलीकडे दुकान उघडं होतं. चष्मेवाली काउंटरमागे उभी होती आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. मधेच तिचे हात थांबले. तिने फ्रेम काढून काउंटरवर ठेवली, त्यांना काहीतरी सांगितलं, मग स्वतःचा चष्माही काढला. चार भिंतींच्या आरशांमधे उभी राहून, भर दुपारी, तिने तोंड वर केलं, डोळे मिटले आणि कुणाच्या तरी हातात द्यावं तसं ते स्थिर धरलं.

तिचे ओठ हलले. रोज रात्री सांगते ते दोन शब्द.

ती थांबली. मग मान जराशी हलवून तिने पुन्हा तेच दोन शब्द सांगितले, शांतपणे, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे.